लालबाग, सावकाश: बेळगाव, खानापूर, निपाणीहून मैत्रिणींबरोबर जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भिशीतल्या आम्ही सहाजणी. तिघी बेळगावच्या, दोघी खानापूरच्या आणि एक निपाणीची. सगळ्यात मोठ्या शहापूरच्या अक्का, वय एकाहत्तर. बेंगळूरच्या लालबागेला आम्ही आतापर्यंत तीनदा जाऊन आलो, तेही फक्त लालबागेसाठी. लोकांना हेच पटत नाही. हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना तेच ते प्रश्न येतात. शेवटी उत्तरं एकदाच लिहून काढली.

एका बागेसाठी एवढ्या लांब? बेळगावात झाडं नाहीत काय?

आहेत की. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात आम्ही रोज सकाळी फिरतो आणि तिथल्या सावलीला तोड नाही. खानापूरच्या पुढे, जांबोटीच्या वाटेला लागलं की जंगलच सुरू होतं. पण जंगलात झाड आपली ओळख करून देत नाही. बोटॅनिकल गार्डनमध्ये देतं. तिथं बुंध्याजवळ पाटी असते. झाडाचं नाव काय, कूळ कुठलं, मूळ देश कोणता, सगळं लिहिलेलं. शिवाय वेगवेगळ्या मुलखांतली झाडं एकाच आवारात शेजारी शेजारी उभी. एरवी ती कधी भेटली नसती.

आम्ही जातो ते मुळात सहाजणींना दिवसभर एकत्र बसता यावं म्हणून, हेही खरंच. घरी बसलं तर कुणाचा तरी कुकर लागलेला असतो.

साधी बाग आणि बोटॅनिकल गार्डन यात फरक काय?

साध्या बागेत फूल चांगलं दिसलं की काम झालं. बोटॅनिकल गार्डन म्हणजे झाडांचा जपून ठेवलेला संग्रह. कुठलं झाड कुठून आलं, केव्हा लावलं, याची नोंद ठेवायची, वाळवलेले नमुने जपायचे, दुसऱ्या बागांशी बियांची देवाणघेवाण करायची, ही सगळी तिची कामं. म्हणून अशा बागेत एखादं झाड अगदी रूपहीन असलं तरी त्याला मानाची जागा मिळते. अक्का म्हणतात, "सोयरीक जुळवताना नुसता रंग बघत नाहीत, घराणं बघतात, तसंच हे."

लालबाग कुणी केली? शहाजीराजांनी ना?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. आपल्या लोकांना तसं वाटणं साहजिक आहे, कारण बेंगळूर शहाजीराजांची जहागीर होती आणि ते तिथं राहिलेही होते. पण बाग त्यांची नव्हे. ती त्यांच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी झाली. हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केली आणि टिपूने वाढवली. त्याने परदेशांतून रोपं आणि बिया मागवल्या. पुढे इंग्रजांच्या काळात, १८५६ मध्ये, ती सरकारी बोटॅनिकल गार्डन झाली. आज तिचा पसारा २४० एकर आहे.

मराठी धागा हवाच असेल तर दुसरीकडून मिळतो. गुस्ताव क्रुंबिगेल नावाचा एक जर्मन बागतज्ज्ञ होता. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये तयार झाला आणि १८९३ मध्ये बडोद्याला आला, सयाजीराव गायकवाड महाराजांच्या चाकरीत. तिथून १९०८ मध्ये तो म्हैसूर संस्थानात आला आणि लालबाग त्याच्या हाती गेली. बेंगळूरच्या रस्त्यांवर एक झाड फुलून संपलं की दुसरं फुलायला लागतं, अशी लागवड त्याने योजली. एक बहर ओसरेपर्यंत दुसरा तयार. हा माणूस १९५६ मध्ये बेंगळूरातच वारला. बागेकडे जाणाऱ्या एका रस्त्याला आजही त्याचं नाव आहे.

जायचं कसं?

राणी चन्नम्मा एक्स्प्रेस. मिरजेकडून येते, बेळगावात संध्याकाळी बसलात की खानापूर, लोंढा, धारवाड, हुबळी करत सकाळी बेंगळूरला. वेळा बदलत असतात, तिकीट काढताना बघा. निपाणीला रेल्वे नाही, त्यामुळे आमची मैत्रीण आदल्या दिवशीच बेळगावला येऊन राहते आणि त्या रात्री आमच्या गप्पांची पहिली बैठक होते. तिला हायवेवरून थेट बसही मिळते, पण मग ती बैठक बुडते.

एक गंमत सांगते. गाडीचं नाव कित्तूरच्या राणीचं. उतरतो त्या स्टेशनाचं नाव क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा, म्हणजे त्याच राणीच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेले वीर. कित्तूरही बेळगाव जिल्ह्यातलं, संगोळ्ळीही. रायण्णांना १८३१ मध्ये फाशी दिली ती खानापूर तालुक्यातल्या नंदगडला. तिथल्या त्यांच्या समाधीपाशी वड आहे. म्हणजे पाचशे किलोमीटर जाऊन उतरायचं ते आपल्याच माणसाच्या नावाखाली. खानापूरच्या दोघी हे दर वेळी प्लॅटफॉर्मवर मोठ्यानं सांगतात, हमालसुद्धा आता ओळखत असेल.

सामान क्लोकरूममध्ये टाका. स्टेशनासमोरच्या मॅजेस्टिकहून हिरव्या मार्गाची मेट्रो धरा. चौथं स्टेशन लालबाग. रात्रीच्या गाडीने परत. दोन रात्री प्रवासात आणि मधला दिवस अख्खा आपला.

तिकीट, वेळ वगैरे?

बाग सकाळी सहाला उघडते, संध्याकाळी सातपर्यंत असते. तिकीट आपल्याला झेपेल असंच आहे, फुलांच्या प्रदर्शनात मात्र वाढतं. भिशीच्या पैशांतून दर महिन्याला थोडं बाजूला काढलं की वर्षाला एक ट्रिप निघते. आमचा हाच हिशेब आहे.

कुठल्या महिन्यात जावं?

आमची पसंती जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत. प्रदर्शनाची गर्दी ओसरलेली असते आणि बेंगळूरभर टॅबेबुया गुलाबी झालेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये नीलमोहर येतो, त्याच्या पाठोपाठ गुलमोहर. क्रुंबिगेलच्या त्या योजनेचा अर्थ तेव्हा कळतो.

हवेचं म्हणाल तर बेंगळूर आपल्याहून थोडं उंचावर, नऊशे मीटरच्या वर. त्यामुळे बेळगावच्या माणसाला ते परकं वाटत नाही. पावसाची वेळ मात्र वेगळी. आपल्याकडे जुलैत कोसळतो, तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोर जास्त. आम्ही दुसऱ्या खेपेला गणपती उठले की निघालो, "आता पाऊस संपला" म्हणून, छत्र्या घरी ठेवून. दुपारी असा धरला की सहाजणी दोन तास एका आडोशाला उभ्या. त्या दोन तासांत जेवढ्या जुन्या गोष्टी निघाल्या तेवढ्या कुठल्याच बैठकीत निघाल्या नव्हत्या. तरीपण छत्री घ्या.

फुलांचं प्रदर्शन बघावं की टाळावं?

यावर आमच्यात दोन तट आहेत. वर्षातून दोनदा, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास, काचघरात प्रदर्शन भरतं. फुलांनी घडवलेले मोठमोठे देखावे असतात. अक्कांना ते फार आवडतं. मला गर्दीत झाड दिसतच नाही, माणसांच्या पाठी दिसतात. पहिल्यांदा जाणार असाल आणि पोरंबाळं बरोबर असतील तर प्रदर्शन बघा. सावकाश फिरायचं असेल तर त्या आठवड्यांकडे फिरकू नका.

किती जणी जाव्यात?

सहा. पहिल्या खेपेला अकरा होतो. अर्ध्या काचघरात, अर्ध्या तळ्याकाठी, दोघी कुठल्या तरी तिसऱ्याच गेटाबाहेर नारळपाणी पीत. कुणाचा फोन बंद, कुणाचा पर्समध्ये खाली. दिवसाचे अडीच तास एकमेकींना शोधण्यात गेले. बागेला चार दिशांना गेट आहेत, हे आम्हाला तेव्हा कळलं. सहा जणींना एक बाक आणि त्याच्या शेजारचा कठडा पुरतो, एवढाच हिशेब.

एका दिवसात सगळी बाग होते का?

नाही. करूही नका. आमचा नियम आहे, एका दिवसात सात झाडं. हजारो झाडांतली सात. लोक हसतात, पण ज्यांनी "सगळं बघितलं" त्यांना दुसऱ्या दिवशी एक झाड विचारा, सांगता येत नाही. आमच्या पहिल्या खेपेचंही तसंच झालं होतं. फोटो चारशे, आठवण एकही धड नाही.

सात झाडांपाशी दिवसभर करता काय?

हा प्रश्न जावयांचा असतो, आणि विचारताना ते मिशीत हसतात.

पद्धत अशी. झाडापाशी पोचलं की पाटी लगेच वाचायची नाही. आधी पाच मिनिटं गप्प. हे सगळ्यात अवघड, विशेषतः निपाणीकरणीला. मग प्रत्येकीनं एक गोष्ट सांगायची, पण दुसरीनं सांगितलेली चालणार नाही. पहिल्या दोघी सुटतात, "मोठं आहे", "सावली छान आहे". तिसरीपासून बघावं लागतं. सालीवर हात फिरवला तर खरखरीत की गुळगुळीत? पानं समोरासमोर की आडवीतिडवी? खाली काय पडलंय? मुंग्या कुठल्या बाजूनं चढताहेत? सहावीची पाळी येईपर्यंत झाड बरंच उघडं झालेलं असतं. त्यानंतर पाटी वाचायची.

पांढऱ्या सावरीपाशी हा खेळ सगळ्यात रंगला. लालबागेतली ही सावर जुनी आणि अवाढव्य. बुंध्यापासून भिंतींसारखी मुळं निघतात, त्यांच्या दोन भिंतींच्या मधे माणूस उभा राहील एवढी जागा. चौथ्या पाळीला खानापूरची एक म्हणाली, "आमच्याकडच्या काटेसावरीलाही खाली अशीच मुळं सुटतात, पण तिथं कधी बघितलंच नाही, कापूस तेवढा गोळा केला." तिची आजी सावरीच्या कापसाच्या उशा भरायची. मग उशांवरून आजीवर, आजीवरून तिच्या सासरच्या वाड्यावर, वाड्यावरून भावकीच्या भांडणावर. पाऊण तास. पाटीवर नाव होतं सीबा पेंटँड्रा. पेंटँड्रा म्हणजे पाच पुंकेसरांचं. मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातलं. आपली काटेसावर तिच्याच घराण्यातली, पण इथलीच.

दुसरं झाड म्हणजे कैलासपती. याची फुलं फांद्यांना नाही, खोडालाच फुटतात. लोंबत्या काटक्यांवर गुलाबी-लाल फुलं, आत नागाच्या फण्यासारखा वळलेला भाग आणि त्याखाली पिंडीसारखं काही. कन्नडमध्ये याला नागलिंग म्हणतात, आपण कैलासपती. दोन्ही नावं महादेवाची. त्यामुळे हे झाड पुराणकाळापासून आपलंच असणार असं वाटतं, आणि ते आहे दक्षिण अमेरिकेतलं. शास्त्रीय नावातलं गियानेन्सिस हे गयानाच्या मुलखावरून. अक्कांनी हे ऐकून थोडा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "सून परगावची असली तरी देवघर तिच्याच हाती येतं की." सूचना एकच. याच्या खाली बसू नका. फळं तोफेच्या गोळ्याएवढी असतात, आणि फुटली तर वास सहन होत नाही.

वनस्पतिशास्त्र येत नाही. लॅटिन नावांचं काय करायचं?

आमच्यातही कुणाला येत नाही. मी शाळेत मराठी शिकवायची, एकीचं किराणा दुकान. लॅटिन नावाकडे आडनावासारखं बघा. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या झाडाचा. दुसऱ्यात बहुतेक वेळा रंग, आकार किंवा गाव लपलेलं असतं. इंडिका म्हणजे भारतातलं. पण त्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चिंचेचं नाव टॅमरिंडस इंडिका. टॅमरिंड हे अरबी 'तमर हिंदी'वरून आलं, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. दोन्ही शब्दांत भारत, आणि झाड मूळचं आफ्रिकेतलं.

पाट्या कन्नडमध्ये असतात. आम्हा मराठी लोकांचं कसं व्हायचं?

पाट्यांवर शास्त्रीय नाव असतंच, त्याच्याबरोबर कन्नड आणि इंग्रजी. आणि सीमाभागातल्या माणसानं कन्नडला बिचकावं हे मला नवल वाटतं. बाजारात निम्मं बोलणं त्याच भाषेत चालतं आपलं. आलद मर म्हणजे वड, अरळी म्हणजे पिंपळ, अत्ती उंबर, बेवू कडुनिंब, हुणसे चिंच, हलसू फणस, नेरळे जांभूळ, होंगे करंज, मुत्तुग पळस, संपिगे सोनचाफा. एवढी दहा नावं आली की पाट्या बोलायला लागतात.

आपल्या कन्नडला बेंगळूरचे लोक हसतात, तेवढी तयारी ठेवा. रिक्षावाल्याला मी "एन्री, बरतीरेन्री?" (काय हो, येता काय?) म्हटलं तर त्यानं आरशातून बघून विचारलं, "उत्तर कर्नाटका?" आणि मग सगळ्या रस्त्यानं धारवाडच्या पेढ्याबद्दल बोलत राहिला. बेळगावच्या कुंद्याचं नाव त्यानं घेतलं नाही म्हणून अक्का रुसल्या. पुढच्या खेपेला आम्ही डब्यात कुंदा घेऊन गेलो होतो, पण तो रिक्षावाला काही पुन्हा भेटला नाही.

आपल्या गावाशी नातं सांगणारं एखादं झाड आहे काय तिथं?

बांबू. तळ्याच्या बाजूला त्याची बेटं आहेत. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूचं गाव. आपण वेळूगावची माणसं, पण बांबू म्हटलं की शिडी आणि मांडव एवढंच आठवतं. बांबू हे गवत आहे, हे तिथं बसल्यावर कळलं. आणि आपला काटेरी बांबू कित्येक दशकांनी एकदाच फुलतो, बेटंच्या बेटं एकदम, आणि फुलून झाली की वाळून जातात. खानापूरच्या दोघींनी लहानपणी असं वाळलेलं बेट पाहिलं होतं, पण ते मेलं का हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

कदंबही शोधा. आपल्या खानापूर तालुक्यातल्या हलशीला ज्या कदंबांची राजधानी होती, त्यांचं नाव या झाडावरून आलं, असं त्यांच्याच ताळगुंदच्या शिलालेखात सांगितलंय. आणि हलशीचं जुनं नाव पलाशिका. त्यात पळस लपलाय, असं मला आपलं वाटतं. इतिहासवाल्यांशी मी यावर भांडणार नाही.

झाडांशिवाय काय बघावं?

बागेतला मोठा खडक. लोक त्यावर चढून सेल्फी काढतात आणि उतरतात. वर बेंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या नावाचा छोटा बुरूज आहे, त्यामुळे खडकाकडे लक्ष जात नाही. खरं तर अख्ख्या बागेत सगळ्यात जुनं काही असेल तर हा दगड. नाइस (gneiss) नावाच्या जातीचा, वय सुमारे ३०० कोटी वर्षं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलाय, तशी पाटी आहे. बेळगावात जांभ्याखाली आपला जो काळा दगड लागतो तो दख्खनच्या लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे आपला दगड त्याच्यापुढे तान्हं बाळ. संध्याकाळी पाचनंतर तो खडक कोमट असतो. बूट काढून बसा. गुडघ्यांना शेक मिळतो, असा अक्कांचा अनुभव. त्यात वैद्यकीय तथ्य किती, ते सोडा.

काचघर १८८९ चं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर, लोखंड आणि काच. प्रदर्शन नसताना आत फारसं काही नसतं, आणि तेव्हाच ते चांगलं दिसतं.

गुडघे दुखतात. जमेल काय?

जमेल. रस्ते रुंद आहेत, बाक जागोजागी आहेत, बॅटरीवर चालणारी गाडीही असते. पण गाडीत बसलं की पुन्हा "सगळं बघण्याचा" रोग जडतो. आम्ही ती फक्त परतताना घेतो. सात झाडांना फार चालावं लागत नाही.

खायचं काय?

गाडीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, दुसऱ्या कशाचा विचारही करू नका. बागेत आम्ही डबा उघडत नाही. प्लास्टिक तर नेऊच नका. दुपारचं जेवण बाहेर. लालबाग रोडवर एमटीआर म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम आहे, १९२४ पासूनचं. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रवा इडली आपण शोधली, असं ते सांगतात. रांग असते. रांगेत उभं राहणं सावकाश फिरण्यात मोडतं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

नवरे मंडळी बरोबर चालतात काय?

एकदा एक भावोजी आले होते. चांगले माणूस आहेत. दर झाडापाशी "पुढे काय?" विचारत होते. चौथ्या झाडानंतर त्यांना आम्ही बाकावर पेपर घेऊन दिला.

फुलं, पानं, बिया गोळा करून आणता येतात?

नाही. खाली पडलेलं उचला, हुंगा, तळहातावर ठेवून फोटो काढा, आणि परत जिथं होतं तिथं ठेवा. आमच्यातल्या एकीनं पहिल्या खेपेला पर्समध्ये एक शेंग टाकली होती. गाडीत तिनं ती दाखवल्यावर बाकीच्या सगळ्याजणी तिच्याशी हुबळीपर्यंत बोलल्या नाहीत. हवंच असेल तर बागेत नर्सरीवाल्यांच्या सहकारी संस्थेकडे रोपं विकत मिळतात.

रात्रीचा प्रवास झेपत नाही. जवळ काही आहे काय?

कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठाचं वनस्पती उद्यान. वेगळ्याच कारणासाठी बघण्यासारखं आहे. तिथं कंदीलपुष्पांचं, म्हणजे सेरोपेजियांचं, जतन केलंय. पश्चिम घाटातल्या सड्यांवरच्या या नाजूक वनस्पती, काही अतिशय दुर्मीळ. फूल कंदिलासारखं. आत नळी, नळीत खालच्या बाजूला वळलेले केस. माशी आत शिरते ती बाहेर येऊ शकत नाही. तिच्याकडून परागांचं काम होईपर्यंत फूल तिला कोंडून ठेवतं, मग केस मऊ पडतात आणि तिची सुटका होते. हे बघायचं तर पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरला. विभागाला आधी विचारून जा, ते शिकण्या-शिकवण्याचं ठिकाण आहे, सहलीचं नव्हे. निपाणीकरणीला हे अर्ध्या दिवसाचं काम, म्हणून ती आम्हाला अधूनमधून टोमणे मारते.

आणि बेंगळूरला बसनं किंवा गाडीनं जात असाल, वाट थोडी वाकडी करायची तयारी असेल तर हावेरी जिल्ह्यातलं सावनूर. तिथल्या मठाच्या आवारात प्रचंड गोरखचिंचा आहेत. कन्नडमध्ये दोड्ड हुणसे, मोठी चिंच. झाड आफ्रिकेतलं, चिंचेशी नातं काही नाही. दोन्ही भाषांनी फळातला आंबट गर चाखला आणि एकच नाव ठेवलं.

घरी काय आणता?

पहिल्यांदा जास्वंदीची तीन रोपं आणली. एक लोंढ्यापर्यंतसुद्धा टिकलं नाही, वरच्या बर्थवरून पडलं. उरलेल्या दोनांपैकी एक माझ्या दारात आहे.

पण खरी वस्तू चौचौ. लालबागेचे एक जुने प्रमुख जॉन कॅमेरून, काचघर झालं तेव्हाचे. त्यांनी हे परदेशी फळ बेंगळूरला आणलं असं सांगतात. म्हणून काही ठिकाणी त्याला बेंगळूरचं वांगं म्हणतात. कन्नडमध्ये सीमे बदनेकाई. 'सीमे' म्हणजे परदेशचं, जसं रॉकेलला सीमे एण्णे. आम्ही सीमाभागातल्या बायका, त्यामुळे या भाजीवर आमचा हक्क आहे असं अक्कांनी बागेतच जाहीर केलं आणि बाहेरच्या बाजारातून दोन फळं पिशवीत टाकली. तीच भाजी बेळगावात गणपत गल्लीत ढिगानं मिळते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

एकाची भाजी झाली. दुसरं स्वयंपाकघरात टोपलीत राहिलं आणि त्याला कोंब आला. चौचौची बी वेगळी काढत नाहीत, अख्खं फळच मातीत ठेवतात. अक्कांनी परसात विहिरीजवळ ठेवलं. आता वेल शेजारच्या भिंतीवर चढलाय, आणि निम्मी फळं पलीकडच्या बाजूला धरतात. शेजारीण ती काढून घेते आणि वर विचारते, "अक्का, हे तुमचं बेंगळूरचं वांगं शिजवायचं कसं?"